स्विचवर प्रायॉरिटी लावली, तरी एक्स-रे चढताना कॉल तुटतोच

किनारपट्टी (५ जून, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. गुहागरच्या दक्षिणेला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमचं दहा खाटांचं इस्पितळ आहे. डॉक्टर म्हणजे आमची ही. मी हिशेब, औषधांची खरेदी आणि वायरी बघतो. मोठे डॉक्टर लागले तर चिपळूण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, आणि पावसाळ्यात तो रस्ता कधी बंद होईल ते सांगता येत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा आमचे दोन पेशंट इथेच अडकून पडले होते. त्यानंतर आम्ही व्हिडिओ कॉलवरून पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञांचा सल्ला घ्यायला सुरुवात केली. आता आठवड्याला पाच-सहा कॉल होतात.

अडचण अशी आहे. कॉल चालू असताना एक्स-रे खोलीतून फाइल वर चढायला लागली की समोरच्या डॉक्टरांचा आवाज तुटतो. एक फाइल साधारण १५ एमबीची, दोन बाजूंचे एक्स-रे असले तर ३०. म्हणजे दहा-पंधरा सेकंदांचाच प्रश्न, पण नेमकं त्याच वेळी समोरचे डोस सांगत असतात. मागच्या आठवड्यात हिला एक आकडा तीनदा विचारावा लागला. असं ऐकताना चूक झाली तर काय, या विचाराने मला झोप लागत नाही.

इंटरनेट फायबरचं आहे, कागदावर ५० एमबीपीएस. अपलोड मोजला तर १८ भरतो. महिन्यापूर्वी २४ पोर्टचा मॅनेज्ड स्विच घेतला, म्हणजे सगळ्या वायरी जिथे जुळतात आणि जिची सेटिंग बदलता येतात ती पेटी. जाणकाराने सांगितलं होतं की त्यात ट्रॅफिकला प्रायॉरिटी देता येते. सल्ल्याच्या खोलीतला कॉम्प्युटर पोर्ट ५ वर, एक्स-रे पोर्ट ९ वर, कॅमेऱ्यांचा एनव्हीआर (रेकॉर्डर) पोर्ट १२ वर, आणि राउटर पोर्ट २४ वर. पोर्ट ५ ला प्रायॉरिटी १ दिली, बाकी सगळे ० वरच आहेत. काही फरक नाही. उलट हिच्या मते आधीपेक्षा वाईट झालंय. कुठे चुकतंय?

---

नारळीपोफळी (५ जून, रात्री १०:१५)

वाईट झालंय हे वहिनींचं म्हणणं अगदी खरं असणार. या आकड्यांमध्ये १ म्हणजे पहिला मान नव्हे.

स्विच ज्या नियमाने चालतात त्या ८०२.१पी मध्ये प्रायॉरिटीला ३ बिट असतात, म्हणून ० ते ७ असे आठच आकडे. मोठा आकडा वरचा. पण तळाशी एक गंमत आहे: ० म्हणजे नेहमीचं साधं ट्रॅफिक, आणि १ म्हणजे ‘मागे राहिलं तरी चालेल’ असं पार्श्वभूमीचं काम, बॅकअप वगैरे. बऱ्याच स्विचमध्ये १ ची रांग ० च्याही खाली असते. म्हणजे तुम्ही सल्ल्याच्या कॉलला एक्स-रेच्या मागे उभं केलंत.

पोर्ट ५ ला ५ द्या. ६ आणि ७ नेटवर्कच्या स्वतःच्या निरोपांसाठी ठेवतात, त्यांना हात लावू नका. एनव्हीआरला १ द्या, त्याची जागा तीच. मग ‘प्रायॉरिटी टू क्यू’ असं पान असेल ते बघा: तुमच्या स्विचला चार रांगा आहेत की आठ, आणि ५ कुठल्या रांगेत जातो. मी तंत्रनिकेतनात शिकवते, दरवर्षी अर्धा वर्ग ही १ ची चूक करतो. त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका.

---

किनारपट्टी (६ जून, दुपारी १:०५)

ताई, फार आभार. चार रांगा आहेत. ५ सर्वात वरून दुसऱ्या रांगेत जात होता, तो सर्वात वरच्या रांगेत नेला. पोर्ट ५ ला ५ दिला, एनव्हीआरला १. शेड्युलर (कुठली रांग आधी सोडायची ते ठरवणारं सेटिंग) ‘स्ट्रिक्ट’ केला. वाईट होतं ते थांबलं, पण पूर्वीइतकं तुटणं आहेच. एक्स-रे चढवत पिंग (निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ) लावून बघितला. एरवी २८ मिलिसेकंद येतो, फाइल चढताना ६०० च्या वर जातो. स्विचच्या पानावर पोर्ट २४ च्या रांगांमध्ये ‘ड्रॉप’ (टाकलेली पॅकेटं, म्हणजे डेटाचे तुकडे) शून्य दाखवतंय. सगळ्या रांगा रिकाम्या. मग प्रायॉरिटी करते काय?

---

आडीतला हापूस (६ जून, दुपारी ३:३०)

देवगडहून. दादा, सरळ १०० चा प्लॅन घ्या आणि मोकळे व्हा. आमच्या पॅकिंग हाउसला मार्च ते मे वाशीच्या दलालांशी दिवसभर व्हिडिओवर पेट्या दाखवाव्या लागतात. जुन्या प्लॅनवर रडारड होती, प्लॅन वाढवला आणि संपली. स्विचमध्ये डोकं घालून उपयोग नाही.

---

पॅकेटवाला (६ जून, रात्री ८:५०)

किनारपट्टी, तुम्ही रांगा तपासल्यात हे फार चांगलं केलंत. उत्तर त्या शून्यातच आहे.

तुम्ही गुहागरकडचे, म्हणून धोपाव्याची जेटी डोळ्यांसमोर आणा. दाभोळला जाणारी फेरीबोट ठरावीक गाड्या घेते. सुट्टीच्या दिवसांत गाड्यांची रांग कुठे लागते? जेटीवर. आता तुम्ही गुहागरच्या नाक्यावर ‘ॲम्ब्युलन्सला आधी सोडा’ असा माणूस उभा केलात. नाक्यावर रस्ता मोकळाच असतो, सगळ्याच गाड्या न थांबता जातात, त्या माणसाला काम उरत नाही. आणि जेटीवर ॲम्ब्युलन्स इतरांच्या मागेच उभी राहते.

तुमचा स्विच म्हणजे तो नाका. पोर्ट २४ वरून राउटरकडे १००० एमबीपीएसची वाट आहे. एक्स-रे आणि कॉल दोन्ही मिळूनही ती भरत नाही, म्हणून रांगा रिकाम्या. १००० ची वाट १८ वर येते ती पुढे, राउटर आणि फायबरच्या मोडेमपाशी. जेटी तिथे आहे. तिथे सगळे एकाच रांगेत, आलेल्या क्रमाने. १८ एमबीपीएसला ६०० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे मोडेमच्या पोटात सुमारे १.३ एमबी माल थांबलेला असतो, आणि प्रत्येक आवाजाचं पॅकेट त्या ढिगाच्या मागे. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असं आयटीयूची (दूरसंचाराची आंतरराष्ट्रीय संघटना) जी.११४ ही शिफारस सांगते. तुम्ही त्याच्या चौपट पुढे आहात.

हापूसभाऊंचं पूर्ण चूक नाही. वाट रुंद झाली तर फाइल लवकर संपते, म्हणजे तुटण्याचा काळ कमी होतो. पण अपलोड करणारा प्रोग्राम मिळेल तेवढी वाट भरतोच. सल्ल्याच्या वेळी दोन सेकंद तुटलं तरी डोसाचा आकडा जाऊ शकतो. आणि आवाजाला लागतं तरी किती? जुन्या जी.७११ पद्धतीचा आवाज घेतला तर सेकंदाला ५० पॅकेटं, हेडर धरून सुमारे ८० केबीपीएस. त्याला रुंदी नको, वेळेवर सुटणं हवं.

उपाय असा. रांग मोडेमपाशी लागू द्यायचीच नाही. ती ओढून स्वतःच्या स्विचवर आणायची. पोर्ट २४ वर ‘इग्रेस शेपिंग’ किंवा ‘इग्रेस रेट लिमिट’ (बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकला बांध) शोधा आणि १६ एमबीपीएस टाका. बहुतेक ठिकाणी आकडा केबीपीएसमध्ये मागतात, म्हणजे १६०००. मोजलेल्या अपलोडच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास. म्हणजे नाक्यावरूनच बोटीत मावतील त्याहून थोड्या कमी गाड्या सोडायच्या. आता रांग नाक्यावर लागेल, आणि तिथे तुमचा माणूस उभा आहे.

यात एक्स-रेचं नुकसान किती? १५ एमबी म्हणजे १२० मेगाबिट. १८ ला पावणेसात सेकंद, १६ ला साडेसात.

दोन गोष्टी विसरू नका. एक, राउटरच्या स्वतःच्या वायफायवर कोणी असेल तर ते ट्रॅफिक स्विचमधून जातच नाही, त्याला तुमचा बांध लागू होत नाही. ते वायफाय बंद करा आणि ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारी वेगळी डबी) स्विचच्या पोर्टवर लावा. दोन, पोर्ट २४ वरचं ‘फ्लो कंट्रोल’ बंद करा. ते चालू असलं आणि राउटरने ‘थांब’ म्हटलं, की स्विच त्या पोर्टवर सगळंच थांबवतो, तुमचा कॉलसुद्धा.

---

नारळीपोफळी (६ जून, रात्री ९:२०)

जेटीचा दाखला उद्या वर्गात वापरते. एक भर: ‘इन्ग्रेस’ (आत येणाऱ्यावरचं) लिमिट लावू नका, नाव सारखंच दिसतं. तिथे बहुतेक स्विच जास्तीचं पॅकेट सरळ फेकून देतो, कॉलचं की एक्स-रेचं ते बघत नाही. इग्रेसला तो आधी रांगेत थांबवतो आणि रांग भरली तरच फेकतो.

आणि सगळंच स्ट्रिक्टमध्ये ठेवू नका. स्ट्रिक्ट म्हणजे वरची रांग रिकामी होईपर्यंत खालची अजिबात हलत नाही. उद्या पोर्ट ५ वरच्या कॉम्प्युटरने मोठं अपडेट वर-खाली करायला घेतलं तर एक्स-रे उपाशी राहील. कॉलच्या रांगेला स्ट्रिक्ट, खालच्या तीनला वजनावर वाटा, बहुतेक स्विच हे दोन्ही एकत्र करू देतात.

---

सुरमई (६ जून, रात्री १०:०५)

माका यातला अर्धाच कळला, पण माजो अनुभव सांगतंय. तारकर्लीक आमचो होमस्टे असा. रात्री पावण्यांची पोरां व्हिडिओ बघूक लागली की आमचो बुकिंगचो फोन तुटायचो. मी राउटरचा वायफाय बंद केलंय, येगळो ॲक्सेस पॉइंट लावलंय आणि पावण्यांच्या वायफायक १० एमबीपीएसचो बांध घातलंय. तेवड्यान काम झाला. इतक्या खोलात जावची गरज असा काय?

---

पॅकेटवाला (६ जून, रात्री १०:४०)

सुरमईभाऊ, तुमच्याकडे भार खाली येणारा होता, त्याला हाच उपाय. खाली येणाऱ्या ट्रॅफिकची रांग कंपनीच्या बाजूला लागते, तिथे आपला माणूस उभा करता येत नाही. आपण फक्त भुकेल्याचं ताट लहान करू शकतो, तेच तुम्ही केलंत. किनारपट्टींनीही पेशंटच्या नातेवाइकांच्या वायफायला असाच बांध घालावा. पण त्यांचा मूळ प्रश्न वर चढणाऱ्याचा आहे, त्यांना दोन्ही लागेल.

---

किनारपट्टी (८ जून, रात्री ११:१०)

आज सगळं केलं. पोर्ट २४ वर १६०००, फ्लो कंट्रोल बंद, राउटरचं वायफाय बंद, वरची रांग स्ट्रिक्ट आणि बाकीच्यांना ४:२:१. मग मुद्दाम दोन एक्स-रे एकदम चढवत पिंग लावला, सल्ल्याच्या कॉम्प्युटरवरून. ३१. ३३. ३०. मी तीनदा बघितलं. एक्स-रेच्या कॉम्प्युटरवरून पिंग केला तर १५० च्या आसपास, म्हणजे रांग खरोखरच आता आमच्या दारात लागते आणि तिथे कॉल पुढे जातो. पोर्ट २४ च्या खालच्या रांगेत ‘ड्रॉप’चे आकडेही पहिल्यांदा हलले. ताई, भाऊ, तुम्हाला काय सांगू. हिने संध्याकाळी पुण्याच्या डॉक्टरांशी वीस मिनिटं बोलून घेतलं, मध्ये एक्स-रे चढला तो तिला कळलाही नाही.

एक शंका. ही कधी कधी वॉर्डातून टॅबवर कॉल घेते, वायफायवर. त्याला पोर्ट ५ ची प्रायॉरिटी नाही. वाचलं की डीएससीपी ४६ म्हणजे आवाज. मग स्विचला ‘ट्रस्ट डीएससीपी’ (पॅकेटवरची ती खूण मान) सांगितलं की पुरे का?

---

पॅकेटवाला (९ जून, सकाळी ७:३०)

अर्धं. डीएससीपी ही आयपी हेडरमधली ६ बिटांची खूण, ० ते ६३. ४६ म्हणजे तातडीचं, ते बरोबर. पण ती खूण लावायची कोणी? टॅबवरच्या ॲपने लावली तरच. अनेकदा पॅकेट ० घेऊनच निघतं, मग ट्रस्ट करून काय मिळणार? पोर्टचं मिररिंग करून (त्याच्या ट्रॅफिकची नक्कल दुसऱ्या पोर्टवर घेऊन) वायरशार्क या पॅकेट बघायच्या प्रोग्राममध्ये आधी बघा. आणि खूण आली तरी सगळ्या पोर्टांवर ट्रस्ट ठेवू नका. एखाद्या पाहुण्याच्या फोनने ४६ लिहून पाठवलं तर तोही तुमच्या स्ट्रिक्ट रांगेत शिरेल.

सोपं हे: डॉक्टरांसाठी वेगळं वायफाय नाव, वेगळा व्हीलॅन (त्याच वायरींवरचं वेगळं जाळं), आणि त्या व्हीलॅनला स्विचवर ५. पाहुण्यांच्या व्हीलॅनला ०, आत येताना त्यांची खूण पुसून.

हवेतली बाजू अजून वेगळी. बरेच ॲक्सेस पॉइंट डीएससीपीचे वरचे तीनच बिट बघतात. ४६ चे वरचे तीन बिट म्हणजे ५, आणि वायफायच्या हिशेबात ५ हा व्हिडिओचा वर्ग, आवाजाचा ६. म्हणून २०१८ च्या आरएफसी ८३२५ या इंटरनेटच्या नियमपत्रात ४६ ला ६ कडे वळवा असं सांगितलंय. तुमच्या ॲक्सेस पॉइंटला ती सोय असेल तर वापरा. नसेल तर फार मनाला लावून घेऊ नका, चिऱ्याच्या जाड भिंतींपुढे हा फरक छोटा आहे. वॉर्डात एक ॲक्सेस पॉइंट वाढवलात तर जास्त फायदा.

---

किनारपट्टी (१४ जून, रात्री ९:००)

पाऊस सुरू झाला आणि नवीनच काही तरी. कोणी काही चढवत नसताना, नेट मोकळं असताना, पोर्ट ५ वरचा कॉल मध्येच अडखळतो. पिंग २८-३० येतो पण शंभरातले चार-पाच हरवतात. बाकीचे पोर्ट ठीक. मी प्रायॉरिटी ७ करून बघितली, फरक नाही. बांध १४ वर आणला, फरक नाही.

---

चिरेखाण (१४ जून, रात्री ९:२५)

७ वरून परत ५ करा आणि बांध पुन्हा १६ वर न्या. हा रांगेचा आजार नाही.

मी राजापूरकडे केबलची कामं करतो. पोर्ट ५ चं पान उघडा आणि दोन गोष्टी बघा. लिंक १००० दाखवतंय की १००? आणि सीआरसी किंवा एफसीएस एररचा आकडा वाढतोय का? रांगेतला ड्रॉप म्हणजे जागा नव्हती म्हणून टाकलेलं पॅकेट. सीआरसी म्हणजे पॅकेट वाटेतच खराब झालं. खराब पॅकेट कुठल्याही रांगेत जायच्या आधीच टाकलं जातं, मग त्याला ७ द्या नाहीतर ७०.

---

किनारपट्टी (१४ जून, रात्री ९:४०)

लिंक १००. सीआरसी ४,३१२, बघता बघता ४,३३० झाले. सल्ल्याची खोली जुन्या घराच्या पडवीत आहे, केबल बाहेरच्या भिंतीवरून पाइपातून जाते, साठेक मीटर. सहा वर्षं झाली.

---

चिरेखाण (१४ जून, रात्री १०:००)

तेच. १००० ला केबलच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. एखादी जोडी गेली की स्विच निमूट १०० वर येतो, आणि उरलेल्याही धड नसल्या की सीआरसी. क्लिप (केबलच्या टोकाचा प्लग) काढून बघा, पट्ट्यांवर हिरवट थर दिसेल. खारा वारा आणि पावसाची ओल, आपल्याकडे बाहेरची क्लिप फार टिकत नाही.

आत्तापुरती दोन्ही टोकांना नवी क्लिप मारा, केबल हातभर कापून. पण खरं काम म्हणजे तिथे फायबर टाका. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल असली की वळवाच्या विजेत पोर्ट जातात, कधी अख्खा स्विच. मी एका मे महिन्यात एकाच गावातले तीन बदललेत. फायबरमधून वीज येत नाही. तुमच्या स्विचला शेवटी फायबर जोडायचे एसएफपीचे खाचे असतील, पलीकडे एक मीडिया कन्व्हर्टर (फायबरचं पुन्हा साध्या केबलमध्ये करणारी डबी). बाहेरची फायबर घेताना आतली लोखंडी तार किंवा चिलखत नसलेली मागा, नाहीतर तिच्यावरून वीज येईलच.

---

किनारपट्टी (१५ जून, दुपारी २:१५)

पडवीकडच्या क्लिपच्या चार पट्ट्या हिरव्यागार. नवी मारली, लिंक १०००, सीआरसी हलत नाही. फायबर सांगितली आहे. चिरेखाणभाऊ, तुम्ही नसतात तर मी अजून आठ दिवस प्रायॉरिटीचेच आकडे बदलत बसलो असतो.

---

किनारपट्टी (१९ जून, सकाळी ६:५०)

मंडळी, रात्री दोनला लाइट गेली, इन्व्हर्टरही संपला. पहाटे आली. आता पिंग परत ६००. स्विचच्या पानावर बांध नाही, रांगा नाहीत, पोर्ट ५ ला १. दहा वाजता कॉल आहे.

---

नारळीपोफळी (१९ जून, सकाळी ७:०५)

घाबरू नका, स्विच बिघडलेला नाही. तुम्ही ‘अप्लाय’ दाबत आलात, ‘सेव्ह’ नाही. अप्लाय केलेलं फक्त चालू मेमरीत राहतं, त्याला रनिंग कॉन्फिग म्हणतात. वीज गेली की स्विच स्टार्टअप कॉन्फिग वाचून उठतो, आणि त्यात तुमचं पहिल्या दिवसाचंच आहे. वरच्या कोपऱ्यात फ्लॉपीचं चित्र किंवा ‘सेव्ह कॉन्फिगरेशन’ असेल. या धाग्यात सगळे आकडे आहेत, क्रमाने परत टाका, मग सेव्ह करा, आणि ‘बॅकअप’ घेऊन फाइल पेनड्राइव्हवर ठेवा.

शिवाय मोडेम, राउटर आणि स्विच या तिघांसाठी वेगळा छोटा यूपीएस. इन्व्हर्टरवर पंखे आणि फ्रिज असतात, त्याच्यावर भिस्त नको.

---

किनारपट्टी (१९ जून, सकाळी ९:३५)

झालं. सगळं टाकलं, सेव्ह केलं, मग मुद्दाम स्विचचा प्लग काढून लावला. उठल्यावर बांध १६०००, पोर्ट ५ ला ५, रांगा जागेवर. एक्स-रे चढवत पिंग ३२. कंपाउंडरलाही समजेल असा कागद मराठीत लिहून रॅकच्या दाराला आतून चिकटवलाय.

---

आडीतला हापूस (२४ जून, रात्री ८:१०)

किनारपट्टीदादा, मी वर ‘डोकं घालू नका’ लिहिलं होतं ते मागे घेतो. काल आमच्याकडे दोन पिंग लावून बघितले, फोटो चढताना ४०० जातो, १०० च्या प्लॅनवर. पुढच्या मार्चच्या आत करून घेतो. तुमच्या त्या कागदाचा फोटो टाकाल का?

---

किनारपट्टी (२४ जून, रात्री ८:३०)

उद्या सकाळी टाकतो. इथे सातपासून लाइट नाही, जोरात वारा आहे. ही आत मुंबईच्या डॉक्टरांशी बोलतेय, आवाज मला बाहेर ऐकू येतोय.